नियामक टी पेशी आणि कर्करोग

नियामक टी पेशी या प्रतिरक्षा संस्थेतील दमनकारी लसीका पेशी होत. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटू नये म्हणून इतर प्रतिरक्षा पेशींना आवर घालणे, हे त्यांचे मूळ कार्य आहे. कर्करोगात मात्र हेच कार्य अर्बुदाच्या, म्हणजे कर्कपेशींच्या गाठीच्या, पथ्यावर पडते. अनेक प्रकारच्या अर्बुदांत नियामक टी पेशी मोठ्या संख्येने जमतात, कर्कपेशींवर चालून येणाऱ्या मारक पेशींना निष्प्रभ करतात आणि अर्बुदाला प्रतिरक्षेच्या तडाख्यातून सुटण्यास साहाय्य करतात. या पेशी काढून टाकल्यास अर्बुदाविरुद्धचा प्रतिसाद बळावतो. परंतु त्याच वेळी शरीराच्या निरोगी अवयवांवर हल्ला होण्याचा धोकाही वाढतो. कर्करोगाच्या प्रतिरक्षा-उपचारांतील ही एक मूलभूत अडचण मानली जाते.

नाव आणि ओळख

'टी पेशी' या नावातील 'टी' हे थायमस या ग्रंथीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. ही ग्रंथी छातीत, उरोस्थीच्या मागे असते. ती बालपणी मोठी असून तारुण्यानंतर आकसत जाते. म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे नाव आहे. अस्थिमज्जेत जन्मलेल्या टी पेशी या ग्रंथीत परिपक्व होतात. नियामक टी पेशींचा उल्लेख संशोधनपर लेखनात बहुधा 'ट्रेग' या संक्षिप्त नावाने केला जातो.

या पेशी ओळखण्याच्या तीन प्रमुख खुणा आहेत. त्यांच्या पृष्ठभागावर साहाय्यक टी पेशींप्रमाणे सीडी४ हे प्रथिन असते. त्यासोबत सीडी२५ हे प्रथिनही विपुल असते. ते इंटरल्यूकिन-२ या वाढपोषक रेणूला पकडणाऱ्या ग्राहीचा एक भाग आहे. तिसरी खूण पेशीच्या आत आढळते. फॉक्सपी३ हे प्रथिन पेशीकेंद्रात राहून कोणती जनुके कार्यरत राहतील हे ठरवते आणि टी पेशीला नियामक स्वरूप देते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तात सीडी४ टी पेशींपैकी सुमारे ५ ते १० टक्के पेशी नियामक असतात.

मानवी पेशींच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. सामान्य टी पेशी उद्दीपित झाल्यावर त्यांच्यातही काही काळ अल्प प्रमाणात फॉक्सपी३ दिसून येते. त्यामुळे केवळ या एका खुणेवरून पेशी दमनकारी आहे असे ठरवता येत नाही.

पार्श्वभूमी : 'स्व' आणि 'पर'

जंतूंना ओळखण्यासाठी शरीर असंख्य प्रकारच्या ग्राही असलेल्या टी पेशी तयार करते. हे ग्राही जनुकांच्या तुकड्यांच्या स्वैर जुळणीतून बनत असल्यामुळे त्यांपैकी काही शरीराच्या स्वतःच्याच घटकांना चिकटतात. अशा आत्मघातकी पेशींपैकी बहुतेक यौवनलोपी ग्रंथीतच नष्ट केल्या जातात. तथापि ही निवड परिपूर्ण नसते. काही पेशी निसटतात आणि रक्तप्रवाहात पोहोचतात. त्यांना आवरण्याची जबाबदारी नियामक टी पेशींवर असते. ग्रंथीबाहेर चालणाऱ्या या व्यवस्थेला परिघीय सहिष्णुता म्हणतात.

नियामक टी पेशी दोन मार्गांनी निर्माण होतात. पहिला गट यौवनलोपी ग्रंथीतच तयार होतो. शरीराच्या स्वतःच्या घटकांना बऱ्यापैकी जोराने ओळखणाऱ्या पेशी यात असतात. दुसरा गट आतडे व इतर ऊतींमध्ये सामान्य सीडी४ पेशींपासून परिस्थितीनुसार घडतो.

कर्करोगाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. जंतू बाहेरून येतो, पण कर्कपेशी शरीराच्याच पेशींपासून उद्भवते. उत्परिवर्तनांमुळे तिच्यातील काही प्रथिने बदललेली असतात व मारक टी पेशी त्यांवरून तिला ओळखू शकतात. परंतु तिच्यातील बहुसंख्य प्रथिने निरोगी पेशींतील प्रथिनांसारखीच असतात. म्हणजेच जी व्यवस्था 'स्व'चे रक्षण करण्यासाठी उभी आहे, तिच्या लेखी अर्बुदही बऱ्याच अंशी 'स्व'च असते. उंदरांच्या पुरःस्थ ग्रंथीतील अर्बुदांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अर्बुदात जमलेल्या नियामक पेशींपैकी काही निरोगी पुरःस्थ ग्रंथीतील घटकच ओळखत असल्याचे दिसून आले.

प्रतिरक्षा संस्था कर्कपेशींवर पाळत ठेवते, ही कल्पना १९५० च्या दशकात फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि लुईस थॉमस यांनी मांडली. २००० नंतर रॉबर्ट श्रायबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला अधिक व्यापक रूप दिले. त्यांच्या मांडणीनुसार या संघर्षाचे तीन टप्पे असतात : कर्कपेशींचा नाश, दीर्घकाळ टिकणारा समतोल आणि अखेरीस सुटका. नियामक टी पेशींचे साहाय्य मुख्यतः या तिसऱ्या टप्प्याशी संबंधित आहे. डग्लस हॅनाहन व रॉबर्ट वाइनबर्ग यांनी २०११ मध्ये कर्करोगाच्या लक्षणवैशिष्ट्यांची सुधारित यादी प्रसिद्ध केली. तीत प्रतिरक्षेपासून होणाऱ्या या सुटकेचाही समावेश होता.

शोधाचा इतिहास

जपानमधील नागोया येथील आइची कर्करोग केंद्रात यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी १९६९ मध्ये एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी यौवनलोपी ग्रंथी काढून टाकलेल्या मादी उंदरांची अंडाशये नष्ट होत होती. प्रतिकाराची ग्रंथी काढल्यावर प्रतिकार दुबळा व्हावा, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो अनावर होऊन शरीरावरच उलटत असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९७० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन व काझुनारी कोंडो यांनी प्रतिसाद दाबणाऱ्या टी पेशींची कल्पना मांडली. या पेशींना तेव्हा 'दमनकारी टी पेशी' म्हणत.

कर्करोगाशी असलेला संबंधही लवकरच पुढे आला. रॉबर्ट नॉर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अर्बुद वाढू लागताच त्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होतो, पण अर्बुद मोठे होत असताना तो ओसरतो आणि त्याच सुमारास दमनकारी टी पेशी प्रकट होतात. अर्बुदाविरुद्ध सिद्ध झालेल्या पेशी दुसऱ्या उंदराला टोचल्या, तर त्या उंदराच्या स्वतःच्या टी पेशी आधी काढून टाकल्या असतील तरच अर्बुद मागे हटे.

मात्र या पेशी निश्चितपणे ओळखण्याची खूण सापडत नव्हती. दमनकारी पेशींशी जोडलेले एक जनुक प्रत्यक्षात अपेक्षित ठिकाणी नसल्याचे १९८० च्या दशकात आढळले आणि संपूर्ण विषयच संशयास्पद ठरला. अनेक संशोधकांनी तो सोडून दिला.

शिमोन साकागुची यांनी तो सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की सीडी२५ बाळगणाऱ्या पेशी वगळून उरलेल्या सीडी४ पेशी टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्यास त्यांच्या अनेक अवयवांत आत्मप्रतिरक्षा रोग उद्भवतात. वगळलेल्या पेशी परत दिल्यास हे रोग टळतात. १९९९ मध्ये याच गटाने हा प्रयोग अर्बुदांपर्यंत नेला. सीडी२५ पेशी काढून टाकलेल्या उंदरांनी टोचलेली अर्बुदे नाकारली. अर्बुदाविरुद्धचा प्रतिकार आणि स्वतःविरुद्धचा प्रतिकार यांचे मूळ एकच आहे, हा निष्कर्ष यातून पुढे आला.

जनुकीय पुरावा वेगळ्या दिशेने आला. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्वचेवर खवले असलेले, काही आठवड्यांतच मरणारे नर उंदीर जन्मले होते. 'स्कर्फी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाणातील सदोष जनुक मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधून काढले, तेच फॉक्सपी३. याच जनुकातील दोषामुळे मुलग्यांना आयपेक्स हा दुर्मिळ व गंभीर आजार होतो, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. या आजारात तान्ह्या वयातच मधुमेह, तीव्र अतिसार व इसब उद्भवतात. २००३ मध्ये साकागुची, अलेक्झांडर रुडेन्स्की आणि रॅम्सडेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की फॉक्सपी३ हेच नियामक टी पेशींच्या घडणीचे सूत्र आहे. परिघीय सहिष्णुतेविषयीच्या या शोधांसाठी ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अर्बुदात होणारा संचय

अर्बुदात नियामक टी पेशींचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक असू शकते. या संचयाची प्रमुख कारणे तीन आहेत.

आकर्षण : पेशींना विशिष्ट दिशेने खेचणाऱ्या रासायनिक संकेतांना कीमोकाइन म्हणतात. टायलर क्युरिएल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्कपेशी आणि अर्बुदातील महाभक्षी पेशी सीसीएल२२ हा संकेत सोडतात व सीसीआर४ ही ग्राही बाळगणाऱ्या नियामक पेशी त्याच्या दिशेने येतात, असे त्यात आढळले. ज्या रुग्णांच्या अर्बुदात या पेशी अधिक होत्या, त्यांचे आयुर्मान कमी होते. वेगाने वाढणाऱ्या अर्बुदाच्या अंतर्भागात प्राणवायूचा तुटवडा असतो. अशा भागातून सीसीएल२८ हा दुसरा संकेत निघतो व तोही नियामक पेशींना खेचतो, असे २०११ मध्ये दाखवले गेले.

स्थानिक रूपांतर : अर्बुदात टीजीएफ-बीटा हा रेणू विपुल असतो. त्याच्या प्रभावाखाली सामान्य सीडी४ पेशींचेही नियामक पेशींत रूपांतर होऊ शकते.

तग धरण्याची क्षमता : कर्कपेशी ग्लुकोज झपाट्याने वापरतात आणि दुग्धाम्ल बाहेर टाकतात. ग्लुकोजवर अवलंबून असलेल्या मारक टी पेशींची अशा ठिकाणी उपासमार होते. नियामक टी पेशी मात्र दुग्धाम्ल व मेदाम्ले इंधन म्हणून वापरू शकतात. त्यामुळे जे वातावरण इतर पेशींना मारक ठरते, त्यात त्या टिकून राहतात.

दमनाच्या पद्धती

नियामक टी पेशी एकाच मार्गावर अवलंबून नसतात. त्यांच्या ज्ञात पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

१. इशाऱ्याचा स्रोत बंद करणे : टी पेशी स्वतःहून अर्बुदावर चालून जात नाही. डेंड्रायटिक पेशी अर्बुदातील प्रथिनांचे तुकडे लसीका ग्रंथीत नेऊन तिच्यासमोर मांडतात. त्याच वेळी डेंड्रायटिक पेशीवरील सीडी८० व सीडी८६ या प्रथिनांनी दुसरा, संमतीदर्शक इशाराही द्यावा लागतो. नियामक पेशींवरील सीटीएलए-४ हे प्रथिन या दोन प्रथिनांना घट्ट पकडते आणि डेंड्रायटिक पेशीच्या पृष्ठभागावरून ओढून काढते. तुकडा समोर असतो, पण संमती मिळत नाही. टी पेशी निष्क्रिय राहते.

२. पोषण हिरावून घेणे : टी पेशींची संख्या वाढण्यासाठी इंटरल्यूकिन-२ लागते. नियामक पेशी ते स्वतः तयार करत नाहीत, परंतु सीडी२५ मुळे ते शोषून घेण्यात त्या इतरांपेक्षा वरचढ असतात. परिणामी शेजारच्या पेशींना त्याचा तुटवडा भासतो.

३. दमनकारी रेणू स्रवणे : इंटरल्यूकिन-१०, इंटरल्यूकिन-३५ आणि टीजीएफ-बीटा हे रेणू मारक पेशींची क्रियाशीलता कमी करतात.

४. ॲडेनोसिनची निर्मिती : मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारा एटीपी हा रेणू एरवी प्रतिरक्षा संस्थेला धोक्याची सूचना देतो. नियामक पेशींवरील सीडी३९ हे विकर त्याचे विघटन करते. सीडी७३ या विकराच्या साहाय्याने त्यापासून अखेरीस ॲडेनोसिन बनते. ॲडेनोसिन टी पेशींना थोपवते. अशा रीतीने धोक्याच्या सूचनेचेच शांततेच्या संकेतात रूपांतर होते.

५. थेट नाश : काही परिस्थितींत नियामक पेशी पर्फोरिन व ग्रॅन्झाइम ही प्रथिने वापरून इतर प्रतिरक्षा पेशींना ठार करतात.

यांशिवाय नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देऊनही या पेशी अर्बुदाला उपकारक ठरतात.

इतर नियामक पेशी

अर्बुदातील दमन हे केवळ टी पेशींचे कार्य नसते. अस्थिमज्जेतून आलेल्या अपरिपक्व दमनकारी पेशी आर्जिनीन या अमिनो आम्लाचे विघटन करून टी पेशींची वाढ रोखतात. अर्बुदात स्थिरावलेल्या महाभक्षी पेशी कर्कपेशींना गिळण्याऐवजी जखम भरण्याच्या वेळी करतात तसे ऊतींच्या वाढीचे काम करू लागतात. काही बी पेशीही इंटरल्यूकिन-१० स्रवून दमनात भाग घेतात. हे सर्व गट परस्परांना पूरक ठरतात : महाभक्षी पेशींचे संकेत नियामक टी पेशींना बोलावतात आणि नियामक टी पेशींचे स्राव महाभक्षी पेशींचे दमनकारी रूप टिकवून ठेवतात.

रुग्णांतील निरीक्षणे

स्तन, गर्भाशयमुख, मूत्रपिंड व यकृत यांचे कर्करोग आणि त्वचेचा मेलानोमा यांत, अर्बुदामध्ये फॉक्सपी३ पेशी अधिक असल्यास रोगाची वाटचाल सामान्यतः वाईट असते. केवळ त्यांच्या संख्येपेक्षा मारक सीडी८ पेशींशी असलेले त्यांचे गुणोत्तर अधिक सूचक ठरते, असे अंडाशयाच्या कर्करोगावरील २००५ च्या अभ्यासातून दिसले.

परंतु हा नियम सार्वत्रिक नाही. मोठे आतडे, अन्ननलिका आणि डोके-मान या भागांतील कर्करोगांच्या अनेक अभ्यासांत फॉक्सपी३ पेशींची अधिक संख्या चांगल्या वाटचालीशी निगडित आढळली आहे. तंबाखूसेवनामुळे भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणारा मुखाचा कर्करोग हा डोके-मान गटातच मोडतो. त्यामुळे एका अवयवाच्या कर्करोगाविषयीचा निष्कर्ष दुसऱ्याला तसाच लावता येत नाही. या विसंगतीची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. आतड्यात जंतूंमुळे होणारा दाह कर्करोगाला पोषक असतो व नियामक पेशी तो दाह शमवतात, हे पहिले. दुसरे स्पष्टीकरण २०१६ मध्ये साकागुची यांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासातून मिळाले : मोठ्या आतड्याच्या काही अर्बुदांत फॉक्सपी३ अल्प प्रमाणात असलेल्या, पण दमन न करणाऱ्या पेशी मिसळलेल्या असतात आणि अशा रुग्णांची वाटचाल चांगली असते. दोन भिन्न पेशी एकाच खुणेखाली मोजल्या गेल्याने निष्कर्ष परस्परविरोधी वाटत होते.

उपचारांतील प्रयत्न

सीटीएलए-४ रोधक : जेम्स ॲलिसन यांच्या संशोधनातून विकसित झालेल्या इपिलिमुमॅब या प्रतिपिंडाला २०११ मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी मान्यता मिळाली. ॲलिसन यांना तासुकू होंजो यांच्यासह २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीएलए-४ विरोधी प्रतिपिंडे उंदरांच्या अर्बुदातील नियामक पेशी नष्ट करतात, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. मानवातही तसेच घडते की केवळ मारक पेशींवरील अटकाव दूर होतो, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

सीडी२५ ला लक्ष्य करणे : ही खूण उद्दीपित मारक पेशींवरही उमटते. त्यामुळे शत्रूसोबत मित्रही मारले जाण्याचा संभव असतो आणि या मार्गाला मर्यादित यश मिळाले.

सीसीआर४ रोधक : मोगामुलिझुमॅब हे प्रतिपिंड २०१२ मध्ये जपानमध्ये प्रौढांतील टी पेशींच्या एका रक्तकर्करोगासाठी मान्य झाले. ते नियामक पेशींनाही कमी करते. म्हणून इतर अर्बुदांतही त्याच्या चाचण्या झाल्या.

अल्प मात्रेतील सायक्लोफॉस्फामाइड : हे जुने कर्करोगविरोधी औषध कमी मात्रेत दिल्यास नियामक पेशी तुलनेने अधिक घटतात, असे प्राण्यांत व रुग्णांत दिसले आहे.

काही उपचारांचा परिणाम उलटही होतो. इंटरल्यूकिन-२ हे औषध १९९२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. मारक पेशींना बळ देणे हा त्याचा हेतू होता. पण त्यामुळे रुग्णांत नियामक पेशीही वाढतात, हे नंतर लक्षात आले. जठराच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत पीडी-१ रोधक औषधानंतर रोग एकाएकी फोफावला. त्यांच्या अर्बुदात पीडी-१ बाळगणाऱ्या नियामक पेशींची संख्या वाढल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

धोके आणि मर्यादा

नियामक टी पेशी सरसकट नष्ट करण्याची किंमत किती मोठी असते, हे २००७ मधील एका प्रयोगाने दाखवले. रुडेन्स्की यांच्या गटाने प्रौढ, निरोगी उंदरांतील या पेशी पूर्णपणे काढून टाकल्या. काही आठवड्यांतच ते उंदीर आत्मप्रतिरक्षा रोगाने दगावले. या पेशींची गरज केवळ बालपणी नसून आयुष्यभर असते, हे त्यावरून सिद्ध झाले.

रुग्णांतही याचे सौम्य-तीव्र पडसाद उमटतात. सीटीएलए-४ रोधक घेणाऱ्या काही रुग्णांना मोठ्या आतड्याचा दाह, त्वचेवर पुरळ, यकृतदाह, तसेच पियूषिका व अवटू ग्रंथींचे विकार होतात. आतड्याचा तीव्र दाह प्राणघातकही ठरू शकतो. अशा वेळी औषध थांबवून स्टेरॉइडसारखी प्रतिरक्षा दाबणारी औषधे द्यावी लागतात.

म्हणून सध्याच्या संशोधनाचा भर अर्बुदातील नियामक पेशी आणि इतरत्र असलेल्या नियामक पेशी यांतील फरक शोधण्यावर आहे. स्तनाच्या कर्करोगावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीसीआर८ ही ग्राही अर्बुदातील नियामक पेशींवर विपुल, तर रक्तातील नियामक पेशींवर कमी असल्याचे दिसले. तिला लक्ष्य करणाऱ्या प्रतिपिंडांच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू आहेत. शरीरातील सर्व पहारा न उठवता केवळ अर्बुदाभोवतीचा पहारा उठवणे, हे या प्रयत्नांचे उद्दिष्ट आहे.

याच ज्ञानाचा उलट दिशेनेही उपयोग केला जात आहे. आत्मप्रतिरक्षा रोग आणि अवयवरोपण यांत नियामक पेशींची संख्या वाढवणे इष्ट असते. त्यासाठी अल्प मात्रेत इंटरल्यूकिन-२ देणे किंवा रुग्णाच्याच नियामक पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत देणे, या पद्धतींची चाचणी घेतली जात आहे. कर्करोगात जो दोष ठरतो, तोच येथे उपचार ठरतो.

हे सुद्धा पहा

- प्रतिरक्षा संस्था
- टी पेशी
- यौवनलोपी ग्रंथी
- आत्मप्रतिरक्षा रोग
- कर्करोग
- प्रतिपिंड